सिनेमावाल्या संगीतकारांचे व्हायोलिन-चेलो कॉन्चेर्टो: कुठलं रेकॉर्डिंग आधी, आणि कोकणातल्या घरात ऐकायचं कसं

बेनहर बघितलाय पण त्याचं म्युझिक कुणाचं ते माहीत नाही अशी मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत. ते म्युझिक मिक्लोश रोझाचं. रथांची शर्यत सगळ्यांना आठवते, पण प्रत्यक्ष शर्यत चालू असताना तिथे म्युझिक नाहीच, नुसते घोडे, चाकं आणि लोकांचा आरडाओरडा, म्युझिक आहे ते शर्यतीआधी सगळे रथ मैदानात मिरवत फेरी मारतात तेव्हा. कुठे वाजवायचं आणि कुठे गप्प बसायचं हे ज्याला इतकं कळत होतं त्या माणसाने सिनेमाच्या बाहेर तारवाद्यांसाठी चार मोठ्या रचना लिहून ठेवल्यात, एक व्हायोलिनचा कॉन्चेर्टो, एक व्हायोलिन आणि चेलो दोघांचा मिळून, एक चेलोचा आणि एक व्हायोलाचा. कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि अख्खा ऑर्केस्ट्रा त्याच्या जोडीला अशी मोठी रचना, आणि चेलो म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला मोठा भाऊ. ह्या ऐकायच्या कशा, कुठलं रेकॉर्डिंग आधी लावायचं, हे सविस्तर सांगतो. त्याच्या जोडीला कॉर्नगोल्ड आणि थोडा जॉन विल्यम्स, कारण तिघेही सिनेमावर जगलेले आणि तिघांनीही कॉन्चेर्टो लिहिताना जीव ओतलाय.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिलं रेकॉर्डिंग सगळ्यात प्रसिद्ध असलेलं घेऊ नका, सगळ्यात स्वच्छ ऐकू येणारं घ्या, आणि प्रसिद्ध रेकॉर्डिंग दुसरं लावा. लोक नेमकं उलट करतात. कुणीतरी सांगतं हायफेट्झ ऐक, म्हणजे तो नावाजलेला व्हायोलिनवादक, मग माणूस 1950 च्या दशकातलं रेकॉर्डिंग मोबाईलच्या स्पीकरवर लावतो, त्याला समोर एक व्हायोलिन आणि मागे कुठेतरी लांब गडबड असं ऐकू येतं, आणि तो परत ह्या वाटेला जात नाही. रचनेचा दोष नाही, क्रम चुकला.

आधी सापडायला हवं ना

कुठल्याही ॲपवर रोझा शोधताना स्पेलिंग आर, ओ, झेड, एस, ए असं टाका, मिक्लोश नाही टाकलं तरी चालतं. पुढे व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहा आणि शक्य असेल तर ओपस 24. हा ओपस नंबर, म्हणजे संगीतकाराच्या रचनेचा क्रमांक, फार कामाचा आहे, कारण ॲपवाले कॉन्चेर्टोच्या प्रत्येक मूव्हमेंटला, म्हणजे भागाला, वेगळं गाणं धरतात आणि मग सर्चमध्ये एका रेकॉर्डिंगची पहिली मूव्हमेंट, दुसऱ्याची तिसरी, मध्येच सिनेमाचा एखादा तुकडा अशी भेळ समोर येते. गाण्यावर टॅप करू नका, अल्बमवर टॅप करा आणि वाजवणाऱ्याचं नाव वाचा. व्हायोलिन ओपस 24, व्हायोलिन-चेलो दोघांचा तो ओपस 29, त्याचं नाव सिन्फोनिया कॉन्चेर्तांते, चेलो ओपस 32, व्हायोला ओपस 37. एवढे चार आकडे वहीत लिहून ठेवले की झालं.

मग सेटिंगमध्ये जाऊन तीन गोष्टी बंद करायच्या. शफल बंद. एक गाणं संपता संपता दुसरं मिसळतं ते क्रॉसफेड बंद. आणि सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारं जे सेटिंग असतं तेही बंद, कारण ह्या संगीतात हळू म्हणजे खरंच हळू आणि मोठं म्हणजे अंगावर येणारं असतं, त्यातला फरक कमी झाला की अर्धा जीव गेला.

रेंजचं काय ते आपल्याला सांगायला नको. ज्यांच्या गावात सड्यावर गेल्याशिवाय नेट चालत नाही त्यांनी रत्नागिरी, कणकवली किंवा जिथे वायफाय मिळेल तिथे डाउनलोड करून घ्यायचं आणि घरी येऊन ऐकायचं. रोझाचा व्हायोलिन कॉन्चेर्टो साधारण अर्ध्या तासाचा आहे, ॲपच्या 320 केबीपीएसच्या चांगल्या क्वालिटीला त्याचे सुमारे 72 एमबी होतात, सीडीच्या पूर्ण क्वालिटीला 300 एमबीच्या थोडं वर. पहिल्यांदा 320 पुरे. ऐकताना मध्येच बफरिंगचं चक्र फिरायला लागलं तर त्यापेक्षा न ऐकलेलं बरं, स्लो मूव्हमेंट एकदा तुटली की ती परत जुळत नाही.

रोझाचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, इथे जरा थांबूया

रोझा 1907 चा, बुडापेस्टचा. उत्तर हंगेरीत त्याच्या घरची जमीन होती, नागीलोत्स नावाच्या गावात, तिथे लहानपणी शेतावरच्या माणसांची गाणी त्याच्या कानावर पडली आणि ती जन्मभर कानातून गेली नाहीत. मग लाइपझिगला शिक्षण, पॅरिस, लंडन, आणि 1940 पासून हॉलिवूड. स्टुडिओच्या नोकरीत त्याने एक अट घालून घेतली होती, उन्हाळ्यात सुट्टी हवी, त्या सुट्टीत स्वतःचं लिहायचं. 1953 च्या अशाच सुट्टीत इटलीत समुद्राकाठी रापालो नावाच्या गावी बसून त्याने हा कॉन्चेर्टो लिहिला, यशा हायफेट्झसाठी. हायफेट्झने सुधारणा सुचवल्या, थोडा काळ गेला, आणि जानेवारी 1956 मध्ये अमेरिकेत डॅलसला त्याने तो पहिल्यांदा वाजवला. त्याच वर्षी तिथल्याच ऑर्केस्ट्राबरोबर वॉल्टर हेंडलच्या हाताखाली रेकॉर्डही केला.

आता ऐकायचं कसं. सरळ दुसऱ्या मूव्हमेंटपासून सुरू करा, तिच्यावर लेंतो कान्ताबिले असं लिहिलेलं असतं. म्हणजे संथ आणि गायल्यासारखं. पहिली मूव्हमेंट मोठी आहे, त्यात बरंच काही घडतं आणि नव्या कानाला धरायला दोरी मिळत नाही, दुसरीत मात्र व्हायोलिन गातंय हे पहिल्या मिनिटात कळतं. नाट्यसंगीत, भजन, जुनी सिनेमाची गाणी ऐकलेल्या कानाला सूर कुठून निघाला आणि कुठे टेकला हे आपोआप समजतं, ती सवय इथे सगळी उपयोगी पडते. बिली वाइल्डर नावाच्या दिग्दर्शकाला हायफेट्झची ही रेकॉर्ड इतकी आवडायची की त्याने शेरलॉक होम्सवरच्या आपल्या 1970 च्या सिनेमासाठी रोझाला ह्याच कॉन्चेर्टोतून म्युझिक करायला सांगितलं. बऱ्याच वेळा सिनेमाचं म्युझिक नंतर मैफिलीत जातं, इथे मैफिलीतलं सिनेमात गेलं. कुणी म्हणालं की हे तर सिनेमाचंच वाटतंय तर त्याला हा क्रम सांगा.

दुसरी मूव्हमेंट दोन-तीन दिवस ऐकून अंगात मुरली की मग पहिलीपासून पूर्ण लावा. दोन गोष्टींकडे कान ठेवा. हंगेरियन भाषेत शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर जोर येतो, आणि रोझाच्या सुरावटीतही तसंच, ओळीच्या सुरुवातीला आखूड जोरकस सूर आणि त्याला लागून लांब सूर असं वारंवार येतं, एकदा पकडलं की त्याचं कुठलंही म्युझिक तुम्ही दोन मिनिटांत ओळखाल. दुसरं म्हणजे स्वर. जुन्या हंगेरियन लोकगीतांचं पाच स्वरांचं सप्तक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडे धानी रागात हेच स्वर लागतात. पेटी घरात असेल तर वाजवून बघा. रोझा त्या पाचांत बसून राहत नाही, खाली ऑर्केस्ट्रा दुसरेच स्वर भरत असतो आणि त्यामुळे रंग सतत बदलतो, पण त्याची सुरावट जिथून उगवते ती जागा आपल्या ओळखीची आहे. मला स्वतःला हे सगळ्यात जवळचं वाटतं त्याचं कारण हेच.

रेकॉर्डिंग कुठलं

पहिलं: रॉबर्ट मॅकडफीचं व्हायोलिन, कंडक्टर योएल लेव्ही आणि अटलांटा सिम्फनी ऑर्केस्ट्रा, कंपनी टेलार्क. ह्यात व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा एकाच खोलीत आहेत असं वाटतं, क्लॅरिनेट कुठे, हॉर्न कुठे, मागे व्हायोलिनला कोण उत्तर देतंय ते सगळं वेगळं वेगळं ऐकू येतं. रचना समजून घ्यायला ह्यासारखं नाही. ह्याच सीडीवर लिन हॅरेलने वाजवलेला चेलो कॉन्चेर्टोही आहे, म्हणजे दोन कामं एका सीडीत.

दुसरं: हायफेट्झ. आता ऐका. त्याच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये माइक अगदी व्हायोलिनजवळ असतो, त्यामुळे तो तुमच्या ओटीवर येऊन बसून वाजवतोय आणि बाकीचे सगळे अंगणात उभे आहेत असा आवाज येतो. आधी मॅकडफी ऐकलेला असल्यामुळे मागे ऑर्केस्ट्रा काय करतोय ते तुम्हाला माहीत आहे, ते कान भरून काढतो, आणि मग समोर जे चाललंय त्याचं खरं मोल कळतं. शेवटच्या मूव्हमेंटमध्ये नाचाची लय आहे, तिथे तो जी धार ठेवतो ती नंतरच्या कुणाकडे नाही. स्लो मूव्हमेंटमध्ये तो रेंगाळत नाही, रडत नाही, आणि तरी घशात काहीतरी येतं. ज्याच्यासाठी लिहिलं त्यानेच वाजवलेलं आहे, ते ऐकायलाच हवं, फक्त दुसऱ्या नंबरवर.

तिसरं ज्याला हवं त्याला. व्हायोलिनवर जेनिफर पाइक, कंडक्टर रुमोन गांबा आणि बीबीसी फिलहार्मोनिक, शॅन्डोस कंपनीचं, आवाज भरदार. स्वस्तात सीडी हवी असेल तर नॅक्सोस कंपनीची अनास्तासिया खित्रुकची, त्या सीडीचा फायदा असा की त्यावर सिन्फोनिया कॉन्चेर्तांतेही पूर्ण आहे. बाइबा स्क्रिदेनेही वाजवलाय, कॉर्नगोल्ड आणि बर्नस्टाइन ह्या संगीतकारांच्या रचनांच्या जोडीने. पण आधी दोनच. एकदम पाच रेकॉर्डिंग गोळा केली की माणूस रचना सोडून रेकॉर्डिंगांची तुलना ऐकत बसतो.

पावसाळ्यात क्रम उलटा

हे मी कुठे वाचलेलं नाही, कौलारू घरात बसून कळलेलं आहे. जून ते सप्टेंबर पाऊस पडत असताना टेलार्कसारखी रेकॉर्डिंग स्पीकरवर लावण्यात अर्थ नाही. त्यांचे हळू भाग इतके हळू असतात की पागोळ्यांच्या आवाजात पूर्ण बुडतात, मग तुम्ही आवाज वाढवता आणि पुढच्या मिनिटाला सगळा ऑर्केस्ट्रा एकदम अंगावर येतो, शेजारचे बघायला येतात काय झालं म्हणून. पत्र्याची शेड असेल तर विषयच नको. अशा दिवसांत जवळ माइक ठेवलेलं हायफेट्झचं रेकॉर्डिंग पावसातूनही पोचतं. म्हणून ज्यांनी पावसात सुरुवात केलीय त्यांनी एक तर हेडफोन घ्या, किंवा हायफेट्झची दुसरी मूव्हमेंट स्पीकरवर ऐकत राहा आणि पूर्ण कॉन्चेर्टो स्वच्छ रेकॉर्डिंगमधून दिवाळीनंतर ऐका.

हेडफोन वायरचा असला तर उत्तम, महाग नको. ब्लूटूथ चालतो, पण चार्जिंग आणि लाईट दोन्ही एकदम जायची वेळ आपल्याकडे येतेच. स्पीकर वापरणार असाल तर जांभ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, दोन फूट पुढे घ्या, भिंतीजवळ खर्ज फुगतो आणि चेलो ढोलासारखा वाजायला लागतो. लादी किंवा कोबा असलेल्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, खाली सतरंजी टाका, समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी अडकवा. ह्याचा खर्च शून्य आणि फरक नवीन स्पीकर घेतल्याइतका. पंखा बंद करता आला तर करा, निदान दुसऱ्या मूव्हमेंटपुरता.

सीडी आणि एलपी असतील तर

मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडे अजून जुन्या सीड्या असतात, त्यांना विचारा, बऱ्याच जणांनी काळाघोड्याच्या र्‍हिदम हाऊसमधून घेतलेल्या असतात, ते दुकान 2016 ला बंद झालं पण माल घराघरांत आहे. सीडी इकडे आणली की तिचा शत्रू म्हणजे दमट हवा. आतलं पुस्तक आणि कव्हर आधी खराब होतं, पानं चिकटतात, आणि त्या पुस्तकातच कुणी वाजवलं, कधी वाजवलं ते सगळं असतं, म्हणून आल्या आल्या त्याचे फोटो काढून ठेवा. सीड्या माळ्यावर नको, तिथे उन्हाळ्यात कौलांखाली तापतं आणि पावसाळ्यात गळतं. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या पुड्या दर थोड्या दिवसांनी पूर्ण सुकवायच्या, नाहीतर त्या काहीच करत नाहीत.

सीडीवर बुरशीचे ठिपके आले तर मऊ कापड किंचित ओलं करून मधून बाहेर सरळ पुसा, गोल फिरवू नका. एलपीचं उलट, तिथे खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, डिस्टिल्ड वॉटर वापरायचं, नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत बसतात. एलपी उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत ठेवल्या की वाकतात. आणि लाखेच्या जुन्या 78 च्या तबकड्या कुणाकडे असल्या तर त्यांना स्पिरिट अजिबात लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी अजून एक, खाऱ्या वाऱ्याने पिना आणि जॅक हिरवे पडतात, मग एका बाजूचा आवाज जातो आणि आपण स्पीकर बिघडला समजतो. वायर काढून पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच काम होतं. रेकॉर्ड प्लेयरचा रबरी बेल्ट पावसाळ्यानंतर एकदा बघा, सैल किंवा चिकट झाला असेल तर स्पीड हलतो आणि लांब सूर थरथरतात, तो व्हायोलिनवाल्याचा दोष नसतो.

कॉर्नगोल्ड

रोझा अंगात भिनल्यावर कॉर्नगोल्ड लावा. काही जण म्हणतील आधी हा सोपा, आणि सुरावटीच्या बाबतीत खरंच सोपा आहे, पण मला वाटतं रोझानंतर तो जास्त खुलतो, रोझाचा मातीचा रंग ऐकून झाल्यावर ह्याचा व्हिएन्नाचा झगमगाट वेगळा उठून दिसतो. एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्ड लहानपणापासून गाजलेला, ज्यू असल्यामुळे नाझींच्या काळात घर सुटलं, हॉलिवूडमध्ये राहिला. युद्ध संपताना, 1945 ला, त्याने व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला आणि त्यात स्वतःच्याच चार सिनेमांमधल्या सुरावटी घेतल्या. फेब्रुवारी 1947 मध्ये सेंट लुइसला पहिल्यांदा वाजवला तो पुन्हा हायफेट्झनेच. न्यूयॉर्कच्या एका समीक्षकाने त्याच्या नावावर कोटी करून टर उडवली होती. आज हा जगभर वाजतो, तरुण व्हायोलिनवाले तो आवर्जून शिकतात.

सुरुवात ऐका, ऑर्केस्ट्रा वाट बघायला लावत नाही, व्हायोलिन लगेच येतं आणि पाच सुरांत दोन सप्तकं चढून जातं. पाचच सूर! एवढी झेप आणि तरी ती गाण्यासारखी वाटते, कसरत वाटत नाही. कुठलंही रेकॉर्डिंग पारखायचं असेल तर हे पहिलं अर्धं मिनिट पुरे आहे. वरच्या सुरावर पोचताना वाजवणारा ओढून नेतो का अलगद ठेवतो, तिथे किती वेळ थांबतो, आणि खाली ऑर्केस्ट्रातली ती काचेसारखी किणकिण ऐकू येते का. ही किणकिण सेलेस्टा आणि व्हायब्राफोन ह्या घंटेसारख्या वाजणाऱ्या वाद्यांची आहे आणि जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ती जवळजवळ हरवते.

इथेही तोच नियम. आधी गिल शहाम, आंद्रे प्रेव्हिन आणि लंडन सिम्फनी, डॉइच ग्रामोफोनवर. गोड आवाज, कुठे घाई नाही, ऑर्केस्ट्रा स्वच्छ. प्रेव्हिन स्वतः हॉलिवूडमध्ये वाढलेला, चार ऑस्कर मिळवलेला माणूस, त्याला ह्या संगीताची लाज वाटत नाही आणि त्यामुळे तो ते पोकळही करत नाही. पर्लमन, शहाम आणि मुटर हे तीन व्हायोलिनवादक, पर्लमनबरोबर पिट्सबर्गला, शहामबरोबर आणि मुटरबरोबर लंडनला, तिन्ही रेकॉर्डिंगांत समोर बॅटन घेऊन तोच उभा आहे, तिन्ही लागोपाठ ऐकली तर एकाच ऑर्केस्ट्रा-मास्तरावर तीन वेगळे स्वभाव कसे बसतात ते कळतं. ज्याला शिस्तीचं, जराही चिकट नसलेलं हवं त्याने जेम्स एन्सचं ऐकावं, व्हँकुव्हर सिम्फनीबरोबर, त्या सीडीला ग्रॅमी मिळाली. विल्दे फ्रांगचं जास्त आतलं, कुजबुजल्यासारखं आहे, ते रात्री हेडफोनवर. मग हायफेट्झ, 1953 चं, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक आणि कंडक्टर वॉलेनस्टाइन, मोनो म्हणजे एकाच चॅनलचं आहे, वेग जास्त आहे, आणि शेवटची मूव्हमेंट ऐकताना हात आपोआप मांडीवर ठेका धरतो. आरसीए कंपनीच्या एका सीडीवर हायफेट्झचा कॉर्नगोल्ड आणि रोझा दोन्ही एकत्र मिळतात, त्यात वॅक्समन नावाच्या संगीतकाराची कार्मेन ह्या ऑपेरावरची फँटसीही आहे, तीही मुळात सिनेमासाठीच लिहिलेली. एकच सीडी विकत घ्यायची असेल तर ही घ्या, बाकीचं स्ट्रीमिंगवर ऐका.

कॉर्नगोल्डचा चेलो कॉन्चेर्टो जेमतेम बारा-तेरा मिनिटांचा. 1946 च्या डिसेप्शन नावाच्या सिनेमात हिरो चेलोवादक आहे आणि त्याच्यासाठी जे लिहिलं ते वाढवून हा झाला. सिनेमात चेलो वाजवला एलिनॉर ॲलरने, तिनेच तो त्या वर्षाच्या शेवटी मैफिलीतही पहिल्यांदा वाजवला. पडद्यावरच्या नटाला चेलो येत नव्हता म्हणून त्याच्या कोटातून दुसऱ्या दोन वादकांचे हात पुढे काढले होते, एक बोटांना, एक गजाला. पीटर डिक्सन, बामर्ट आणि बीबीसी फिलहार्मोनिकचं शॅन्डोसवरचं रेकॉर्डिंग घ्या. कंडक्टर गेरहार्टने 1970 च्या दशकात आरसीएसाठी केलेलं चेलोवादक गाबारोचंही छान आहे, त्यात जुन्या हॉलिवूडचा दमदारपणा आहे. ज्यांना अर्धा तास बसणं होत नाही त्यांनी खरं तर इथूनच सुरुवात करायला हरकत नाही.

रोझाचे बाकीचे

सिन्फोनिया कॉन्चेर्तांते हायफेट्झ आणि चेलोवाला प्याटिगोर्स्की ह्या दोघांसाठी लिहिलेली, पण त्या दोघांनी रेकॉर्ड केली ती फक्त मधली मूव्हमेंट, छोट्या ऑर्केस्ट्रासाठी बसवून, तेमा कोन वारियात्सिओनी ह्या नावाने. म्हणजे एक सुरावट आणि तिची वेगवेगळी रूपं. आधी हीच ऐका, सुरावट पाठ करा, मग खित्रुकच्या नॅक्सोस सीडीवर पूर्ण. सुरावट पाठ नसेल तर रूपं कशाची ते कळत नाही, त्यामुळे इथे पाठांतर खरंच करायचं, गुणगुणता आली पाहिजे.

चेलो कॉन्चेर्टो 1967-68 चा, यानोश श्टार्करसाठी, तोही हंगेरियनच. हा कडक आहे. पहिल्या ऐकण्यात आवडेल असं वाटत नाही, व्हायोलिन कॉन्चेर्टोइतकी गोड सुरावट इथे समोर येऊन उभी राहत नाही, पण खर्जातला चेलो एकटा बोलायला लागतो तेव्हा खोलीतली हवा बदलते. लिन हॅरेलचं रेकॉर्डिंग वर सांगितलंच, ब्रिंटन स्मिथचंही शोधा.

व्हायोला हा व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा आणि खालच्या आवाजाचा. त्याच्यासाठी कॉन्चेर्टो फार कमी लोकांनी लिहिले, रोझाने म्हातारपणी लिहिला, 1984 ला पिट्सबर्गमध्ये पिंकस झुकरमनने प्रेव्हिनबरोबर पहिल्यांदा वाजवला. चार मूव्हमेंट आहेत, तिसरी संथ, तीच आधी. नॅक्सोसवर गिलाद कार्नीचं रेकॉर्डिंग सहज मिळतं, मारियुश स्मोली आणि बुडापेस्टचाच ऑर्केस्ट्रा. संध्याकाळी दिवेलागणीनंतर लावा, भर दुपारी ह्यातलं काही पोचत नाही असा माझा अनुभव.

जॉन विल्यम्स

ह्याचे सिनेमे सगळ्यांना माहीत, कॉन्चेर्टो कमी. एक इशारा, सिनेमातल्यासारखी लगेच ओठांवर बसणारी धून ह्यात मिळणार नाही. पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो त्याने 1974 ला बायको अचानक गेल्यानंतर लिहायला घेतला आणि तिच्या आठवणीला वाहिला, हे माहीत असलं की मधली मूव्हमेंट समजते. गिल शहाम, बॉस्टन सिम्फनी आणि बॅटन हातात घेऊन स्वतः विल्यम्स, हे आधी. नंतर एन्सचं, सेंट लुइस सिम्फनीबरोबर, 2024 चं. चेलो कॉन्चेर्टो चेलोवादक यो-यो मासाठी, 1994 ला अमेरिकेत टँगलवूडच्या नव्या हॉलच्या उद्‌घाटनाला वाजला, त्याचं 2002 चं आणि 2022 चं अशी दोन रेकॉर्डिंग यो-यो मानेच केलीत, नंतरच्यात विल्यम्सने रचनेत बदलही केलेत, दोन्ही शेजारी शेजारी लावून बघण्यासारखी. दुसरा व्हायोलिन कॉन्चेर्टो मुटरसाठी, 2021 चा, तो सगळ्यात शेवटी ऐका.

प्रत्यक्ष ऐकायची इच्छा झाली तर आपल्याला जवळची जागा म्हणजे मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए हे कलाकेंद्र, तिथे 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे आणि त्यांचे साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात असे दोन सीझन असतात. कार्यक्रम आधी जाहीर होतो, त्यात कुठला कॉन्चेर्टो आहे ते बघा, आणि ज्या दिवशी वाजणार असेल त्याच्या आधी महिनाभर त्याचं एक स्वच्छ रेकॉर्डिंग घरी ऐकून ठेवा. सप्टेंबरचा सीझन गणपतीच्या आसपास येतो, त्या दिवसांत कोकण रेल्वेचं परतीचं रिझर्व्हेशन मिळणं कठीण, त्यामुळे आधी गाडीचं बघा आणि मग मैफिलीचं तिकीट काढा.